पेंडसेबाईंचा शेक

पेंडसेबाईंसमोर 'मी बरी आहे' असं म्हणायची आमच्या शाळेत कोणाची छाती नाही. म्हणणाऱ्याकडे त्या चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, "कशावरून?"

आता याला काय उत्तर द्यायचं? आपण बरे असल्याचा पुरावा कोण खिशात घेऊन फिरतं? कोलकात्यात तर कोणी ख्यालीखुशाली विचारली की 'भालो आछि', म्हणजे बरं चाललंय, म्हणायचं आणि पुढे सटकायचं. पण बाई सटकू देत नाहीत. मुख्याध्यापिका असोत नाहीतर लिफ्टवाला, सगळ्यांना तोच प्रश्न. एकदा फाटकावर झालमुरी, म्हणजे इथली भेळ, विकणाऱ्यालाही त्यांनी हटकलं. तो बिचारा इतका विचारात पडला की माझ्या पुड्यात मिरच्याच मिरच्या पडल्या.

बाई आमच्या सॉल्ट लेकच्या शाळेत समुपदेशक, मी भूगोल शिकवते. आमच्या यांची बँकेतली बदलीची नोकरी, तिच्या मागे मागे मी इथे आले. बाई मात्र कोलकात्यातच जन्मलेल्या. राहायला बराकपूरला, तिथून सियालदह आणि पुढे मेट्रो. शाळेत आम्ही दोघीच मराठी, म्हणून आमचं गूळपीठ असेल असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्यांचा संशय यायचा. दिवसभर पोरांच्या पोटातलं ऐकणारी बाई ते सगळं ठेवते कुठे? शिक्षकांच्या पोटात काही राहत नाही, हे मी स्टाफरूममध्ये बसून स्वतः पाहिलेलं आहे. माझी खात्री होती की कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मुरतच होतं.

बाई शाळेत लागल्या तेव्हा त्यांना वेगळी खोली होती आणि दारावर 'समुपदेशन' अशी पाटी होती. त्या खोलीत कोणी फिरकायचं नाही. एका मुलाला बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन ओरडली, "आमार छेले पागोल नाकि?" माझा मुलगा काय वेडा आहे? बाईंनी तिला पाणी दिलं, त्याच दिवशी पाटी उतरवली आणि आपली खुर्ची उचलून सिक रूममध्ये नेऊन ठेवली. तिथे मिनोतीदी नावाच्या नर्स, दोन खाटा आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. तेव्हापासून बाईंकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच रोग होतो. गॅस.

या शहराची गंमत अशी, की इथे गॅसवर कोणी शंका घेत नाही. छातीत कळ आली तरी आधी गॅस, जावई रुसला तरी गॅस. बाई पालकांना फोन करतात, "मुलीला गॅस झालाय. आठवड्यातून दोनदा शेक द्यावा लागेल, इथेच देईन." पालक वर आभार मानतात. मूल खाटेवर आडवं होतं, पोटावर पिशवी, नजर पंख्याकडे. मिनोतीदी कोपऱ्यात कापसाचे बोळे करत बसतात, बाई खुर्चीत स्वेटर विणतात. हळूहळू मूल बोलायला लागतं.

"ही पालकांची शुद्ध फसवणूक आहे," मी एकदा म्हटलं.

"आहेच," बाई म्हणाल्या. "जिथे डॉक्टर लागतो तिथे मी आईबापांना समोर बसवून खरं सांगते. बाकीच्यांना शेक पुरतो. सबनीसबाई, डोळ्यात डोळे घालून कोण खरं बोलतं हो? तुम्ही बोलता?"

मी बोलते म्हणाले. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं, तेव्हा मी वह्या उचलून वर्गावर गेले.

मग पूजेच्या सुट्टीनंतर एके दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "तुमच्या ईराला गॅस आहे. मंगळवार-शुक्रवार शेक देईन म्हणते."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. बाकीच्या आया भाग्यवान, त्यांना गॅस म्हणजे गॅस वाटतो. मला बाईंची परिभाषा पाठ. नववीतली माझी मुलगी, वेळेवर उठणारी, मार्क आणणारी, कधी उलट न बोलणारी. तिला काय झालं?

"कशावरून?" मीच विचारलं.

"ते तुम्हाला तिच्याकडूनच कळायला हवं. फक्त घरी खोदून विचारू नका. विचारलंत की ती लगेच 'बरी' होईल."

घरी मी विचारलं नाही, पण संशयाने माझं डोकं पोखरून काढलं. ईरा हसली तर वाटे, का हसली? गप्प बसली तर, का गप्प बसली? तिच्या डब्यातली पोळी मोजून बघायचे, फोन वाजला की कान टवकारायचे. यांना मी गॅस एवढंच सांगितलं, आणि त्यांनी ते खरं मानलं! ओव्याचा अर्क आणला, घरात येणारे चॉप-कटलेट बंद केले, जेवणानंतर लेकीला शतपावलीला न्यायला लागले. ईरा निमूटपणे अर्क प्यायची. बाईंना विचारावं तर त्या ताकास तूर लागू देत नव्हत्या. "शेक चालू आहे," एवढंच.

मला त्यांचा राग यायचा. माझ्या मुलीच्या मनातलं हिला माहीत आणि मला नाही! ही कोण लागून गेली?

एका संध्याकाळी बापलेकीची शतपावली लांबली. परत आल्यावर यांचा चेहरा उतरलेला होता. ईरा माझ्याजवळ बसली आणि तिच्या त्या हिंदी-बंगालीमिश्रित मराठीत म्हणाली, "आई, बाबाचा ट्रान्सफर होणार ना? मी फोनवर ऐकली. म्हणून मी इथे कोणाशी फ्रेंडशिपच नाही केली. टिफिन पण जिन्याखाली एकटी खाते. किती वेळा करायची आणि सोडायची? मला दहावीपर्यंत तरी इथेच राहू दे."

ही तिची चौथी शाळा. प्रत्येक वेळी मी लोकांना कौतुकाने सांगत आले होते, आमची ईरा कुठेही रुळते. मला रडू आलं. यांनी अर्काची बाटली उचलून कपाटात मागे ठेवली, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत आमचं ठरलं. ऑर्डर गुवाहाटीची आली तर हे एकटे जातील, आम्ही दोघी इथे राहू. ऑर्डर खरोखरच आली आणि हे गेले.

त्यानंतर ईराच्या डब्यात दोन मैत्रिणींसाठी जास्तीच्या पोळ्या जाऊ लागल्या. पण मंगळवार-शुक्रवारचा शेक काही थांबेना. पुन्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. अजून काही शिल्लक आहे का? या बाई काय लपवतायत?

एका शुक्रवारी मी सरळ सिक रूममध्ये गेले. ईरा खाटेवर मांडी घालून बसली होती, पोटावर पिशवी-बिशवी काही नाही, आणि शाळेतली कसलीशी गंमत सांगत होती. बाई विणकाम मांडीवर टाकून हसत होत्या. मला पाहताच ईरा "मी जाते, मिस" म्हणून पळाली.

"खरं सांगा, तिला अजून काय झालंय?"

"काही नाही. बरी आहे ती."

या बाईंच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मग अजून का बोलावता?"

बाईंनी पहिल्यांदाच माझी नजर चुकवली. "दादा होता तोवर घरात मराठी होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघंच, लग्न कोणीच केलं नाही. मागच्या वर्षी तो गेला. आता घरी बोलायचं कोणाशी? तुम्ही स्टाफरूममध्ये माझ्याशी दोन शब्द बोलता, तेही जपून. ही पोर 'मी जेवण खाल्ली' म्हणते. चुकीचं बोलते, पण भरभरून बोलते हो. थांबवायला हवं होतं मी. चुकलंच माझं."

मला माझीच लाज वाटली. एवढी एकटी बाई स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होती, आणि मी तिच्यावर नजर ठेवण्यात दिवस घालवले.

"रविवारी आम्ही बराकपूरला येतो," मी म्हटलं. "जेवायलाच."

रविवारी स्टेशनवरून रिक्षा करून आम्ही त्यांच्या गल्लीत उतरलो. घर कुठलं ते कळेना. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी बाई भाजी निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठलीच. नोलिनीदी, म्हणजे आमच्या पेंडसेबाई, सकाळपासून रांधतायत, म्हणाली, घरची माणसं येणार म्हणून सगळ्या गल्लीला सांगून झालंय. मग तिने आम्हा दोघींना नीट न्याहाळलं. "तोमराइ नोलिनीदिर बाडिर लोक?" तुम्हीच का नलिनीदींच्या घरची माणसं?

काय सांगावं असा विचार मी करत होते, तोवर ईरा पुढे झाली.

"हॅं," ती म्हणाली, "आमराइ." हो, आम्हीच.