सतरा इंची मॉनिटर आणि एकशे बारा भाऊबंद

आपल्या प्रमिलाच्या लग्नात एकही भाऊबंद रुसणार नाही, असं गिरधरभाऊ भदाण्यांनी १९९७ सालच्या मार्चात जाहीर करून टाकलं. तेही घरात नाही, तर धुळ्यातल्या आपल्या छापखान्यात, चार गिऱ्हाइकं समोर उभी असताना. खानदेशातलं लग्न ज्याने पाहिलंय, त्याला या बोलण्यातलं धाडस कळेल. आमच्याकडे पंगतीत वरण कमी पडलं तर लोक समजून घेतात, पण पत्रिकेत नाव कमी पडलं तर दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. पत्रिका हातात पडली की माणूस नवरदेवाचं नाव पाहत नाही, तिथी पाहत नाही. तो थेट खाली 'आपले विनीत'वर उतरतो. आपलं नाव आहे का, आणि असलं तर चुलतभावाच्या वर आहे की खाली, एवढं पाहून झालं की मग लग्न कुणाचं आहे ते विचारतो.

गिरधरभाऊंनी सव्वीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून लोकांच्या पत्रिका छापल्या होत्या. खिळा जागा खातो. तीस-पस्तीस नावं बसली की चौकट भरायची आणि उरलेली मंडळी 'समस्त परिवार' या दोन शब्दांत कोंबावी लागायची. 'समस्त'मध्ये गेलेला माणूस लग्नाला येत नाही, हे गिरधरभाऊंनी शेकड्याने पाहिलं होतं. आता लग्न त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं होतं, नवरदेव भुसावळचा, रेल्वेत नोकरीला, आणि शिंदखेड्याचे भाऊबंद मोजून एकशे बारा. यावर कॉम्प्युटर हाच इलाज होता, कारण कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं लहान करता येतं असं त्यांनी ऐकलं होतं.

झालं, गिरधरभाऊ जळगावला गेले. दुकानात टेबलावर तीन मॉनिटर ओळीने मांडले होते: चौदा इंची, पंधरा इंची आणि सतरा इंची. दुकानदार भला माणूस होता. रोज आठ-आठ तास बसायचं असेल तर पंधरा इंची भरपूर होतो, हातभर अंतरावर ठेवा, डोळ्यांना त्रास होत नाही, असं त्याने पोटतिडकीने सांगितलं. गिरधरभाऊंना ते पटलं नाही. आपला छापखाना आहे, पानटपरी नाही, असं म्हणून त्यांनी सतरा इंचीवर हात ठेवला. पोत्यासारखा जड तो डबा जीपच्या मागच्या सीटवर बसून आला आणि गिरधरभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी गिअरवर पाय आखडून आले.

छापखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. तिथे तो बसवायला दुकानातला सरदार पिंजारी आला. हा सरदार कामाचा पक्का. त्याने वायरी जोडल्या, मॉनिटर चालू केला, काहीतरी आकडे बदलले आणि खूश होऊन बाजूला झाला. स्क्रीनवर १०२४ बाय ७६८ लावलं आहे, एवढं मोठं रेझोल्युशन धुळ्यात कुणाकडे नसेल, असं तो म्हणाला. गिरधरभाऊंनी पाहिलं. समोर बाजरीचं पीठ सांडल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी मान मागे नेली, पुढे आणली, डोळे बारीक केले आणि मशिनमध्ये बिघाड आहे असा निकाल दिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गिरधरभाऊंना दोन वर्षांपासून जवळचं दिसत नव्हतं. पण छापखानेवाल्याने चष्मा लावला की गिऱ्हाईक म्हणतं, आता याला प्रूफ काय दिसणार. म्हणून ही गोष्ट त्यांनी बायकोपासूनसुद्धा लपवली होती. सरदारने फार जपून विचारलं, "भाऊ, चष्मा आत राहिला का?" त्यावर गिरधरभाऊंनी असं काही पाहिलं, की सरदारने मुकाट्याने आकडा ६४० बाय ४८० वर आणला.

आणि काय सांगावं, स्क्रीन उजळली. एकेक अक्षर आवळ्याएवढं झालं. आकडा लहान केला की अक्षर मोठं होतं, हा उलटा न्याय गिरधरभाऊंच्या डोक्यात शिरला नाही, पण डोळ्यांत शिरला. हेच राहू दे, म्हणाले. सरदारने जाताना बजावलं की स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच कागदावर उतरेल असं समजू नका, दर वेळी प्रिंट काढून बघा. गिरधरभाऊंनी मान डोलावली. मनात मात्र म्हणाले, सव्वीस वर्षं अक्षरं हाताळली, हा मला आकार शिकवतो. त्यांच्या दुनियेत बारा पॉइंटचा खिळा म्हणजे बारा पॉइंट. तो ट्रेमध्ये असो, चौकटीत असो की खिशात, त्याचा आकार बदलत नाही. दिसतं एक आणि असतं दुसरं, असं अक्षर त्यांना ठाऊकच नव्हतं.

घरात त्या आठवड्यात कुणी नव्हतं. त्यांची बायको सुंदरबाई मुलीला घेऊन लग्नाच्या बस्त्यासाठी साक्रीला माहेरी गेली होती, आणि तिचा धाकटा भाऊ रुपचंद दोघींना दुकानांतून हिंडवत होता. गिरधरभाऊ एकटेच स्क्रीनसमोर बसले. विनीत मंडळींची नावं त्यांनी नेहमीप्रमाणे चौदा पॉइंटात घातली, तर थोरल्या चुडामण आबांचं एकट्याचं नाव अर्धी स्क्रीन अडवून बसलं. त्यांनी दहा केलं, तरी मोठंच. आठ केलं, सहा केलं. मग मात्र अक्षर कसं सुबक, नेटकं दिसायला लागलं. आणि खाली पाहतात तर जागाच जागा! एकशे बारा नावं बसली, त्यात कुणाची पदवी बसली, कुणाचं माजी सरपंचपद बसलं, मुंबईला गेलेल्या पुतण्याच्या कंपनीचा हुद्दासुद्धा बसला. गिरधरभाऊंना त्या दिवशी आपण फार मोठा माणूस आहोत असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आनंद पाहून कुणालाही वाटलं असतं.

लेझर प्रिंट बाहेर आला तेव्हा नावांच्या जागी करडे पट्टे दिसले. गिरधरभाऊंनी कागद लांब धरला, आणखी लांब धरला, आणि मनाशी म्हणाले, डोळे दमलेत. तरी खात्री हवी म्हणून त्यांनी कागद सुपडूला दिला. सुपडू हा त्यांचा जुना कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, पंचावन्न वर्षांचा. कॉम्प्युटर आल्यापासून आपली नोकरी जाणार या धास्तीने त्याला झोप लागत नव्हती. त्यालाही काही दिसलं नाही. पण दिसत नाही म्हटलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल, म्हणून त्याने कागदावरून नखाने रेघ ओढत, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचल्याचं सोंग केलं आणि झकास आहे म्हणाला. त्यावरून छपाईचा ब्लॉक झाला, पायाने चालवायच्या ट्रेडल मशिनवर पत्रिका छापल्या, शाई जराशी पसरली, आणि उरलीसुरली अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडली, ती इतकी की तरण्या डोळ्यांनाही लागेनात.

पत्रिका अक्षता लावून शिंदखेड्याला गेल्या. तिसऱ्या दिवशी पहिला निरोप आला की चुडामण आबांच्या घरचं कुणी लग्नाला येणार नाही. पाठोपाठ निंबाच्या घरचा आला, मग कौतिकच्या. संध्याकाळपर्यंत एसटीडी बूथवाला स्वतःच येऊन सांगून गेला की भाऊ, आता वेगळे निरोप घेत नाही, सगळं शिंदखेडंच नाही म्हणतंय. गंमत अशी की प्रत्येकाने आपलं नाव गाळलं असं समजून दुसऱ्यावर राग धरला होता. ज्याला त्याला वाटत होतं की तो करडा पट्टा म्हणजे शेजाऱ्याचं नाव.

प्रमिला साक्रीहून परत आली होती. ती बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, मांडवात फक्त भुसावळचेच लोक दिसणार का?" भाऊबंदांचा हात लागल्याशिवाय मांडवाचा खांब उभा राहत नाही. वऱ्हाड येऊन रिकामा मांडव पाहणार, आणि पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. गिरधरभाऊंनी दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याची पहिली गाडी धरली.

चुडामण आबा ओट्यावर बसले होते. पंच्याहत्तरीचे, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. भोवती पंधरा-वीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात पत्रिका होती. पाणी कुणी विचारलं नाही.

"गिरधर, तू आमले बठ्ठास्ले इसरी गया," आबांनी सगळ्यांना विसरल्याचा ठपका ठेवला.

"आबा, बठ्ठास्ना नावे शेतस."

"मंग मनं नाव कोठे शे? बोट ठेव."

गिरधरभाऊंनी पत्रिका घेतली. त्यांना काहीच दिसत नव्हतं. आबांचं नाव सगळ्यात वर टाकलं होतं एवढं आठवत होतं, म्हणून त्यांनी पहिल्या पट्ट्याच्या सुरुवातीला बोट टेकवलं. आबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "शे. बराबर शे."

आता सांगा, आबांना काय दिसलं असेल? पण आबांनी हो म्हटल्यावर गर्दी पुढे सरकली. निंबाला त्याच्या नावावर बोट हवं होतं, कौतिकला त्याच्या. गिरधरभाऊ सुटले. इथे निंबा, तिथे कौतिक, हा कौतिकचा थोरला, हा धाकटा. आठ-दहा जण समाधानाने बाजूला झाले आणि चहाचं आधण चढलं. गिरधरभाऊंना वाटलं, सुटलो. तेवढ्यात निंबा परत आला. त्याची नजर शेतात पाखरं हाकून तयार झालेली. तो म्हणाला की भिकनचं नाव म्हणून आता ठेवलेलं बोट मघाशी माझ्या नावावर होतं. दुसरा म्हणाला, माझ्यावरही तेच होतं. चहाचं आधण उतरलं.

गिरधरभाऊंना पळायला जागा नव्हती, आणि डोळ्यांसमोर रिकामा मांडव उभा होता. त्यांनी पत्रिका खाली ठेवली.

"आबा, माले दिखस नही," ते म्हणाले. "दोन वरीस व्हई गयात."

छापखानेवाल्याला दिसत नाही! आबांनी गिरधरभाऊंकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, आणि मोठा उसासा टाकला.

"माले बी दिखस नही रे," आबा म्हणाले.

मग निंबानेही कबूल केलं, कौतिकनेही केलं. पाच मिनिटांत असं निघालं की चाळिशीवरच्या एकाही भदाण्याला जवळचं दिसत नाही आणि आजवर एकानेही दुसऱ्याला ते सांगितलेलं नाही. कुणीतरी आधी हसलं, मग सगळा ओटा हसायला लागला. पण हसणं वेगळं आणि नाव वेगळं. नाव पाहिल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

तेव्हा आबांनाच सुचलं. सगळी वरात पत्रिका घेऊन स्टँडवर गफूरभाई घड्याळवाल्याकडे गेली. गफूरभाईने डोळ्यात ते काळं भिंग अडकवलं, पत्रिका काचेच्या पेटीवर ठेवली आणि पहिलंच नाव खणखणीत वाचलं: चुडामण आबांचं, वडिलांच्या नावासकट. आबांना एकदम भरून आलं. मग गफूरभाईने हाक मारावी आणि ज्याने त्याने येऊन भिंग डोळ्याला लावून आपलं नाव पाहावं, असं सुरू झालं. रांग स्टँडच्या बाहेर गेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या भिकुबाईनेही भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि नातवाचं नाव फार गोड आलंय असं सांगितलं. दुपारपर्यंत एकशे बारा नावं भरली. एकही कमी नाही. आबांनी तिथेच फर्मान काढलं की बायका-पोरांसकट सगळ्यांनी लग्नाच्या दोन दिवस आधीच धुळ्याला पोचायचं, आणि मांडवाचा पहिला खांब ते स्वतः धरणार.

गिरधरभाऊ घरी आले ते हवेत तरंगतच. प्रमिलाला सांगितलं, तशी ती तिथेच रडायला आणि हसायला लागली. गिरधरभाऊंनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. कॉम्प्युटर चालू केला, पत्रिका उघडली, आणि खुर्चीत मागे रेलून ती आवळ्याएवढी अक्षरं डोळे भरून पाहत बसले. माणसाने एकदा जिंकल्यावर थोडं तरी पाहत बसावंच.

मागे स्वयंपाकघराच्या दारात सुंदरबाई परात घेऊन बसली होती. पीठ मळता मळता तिने वाचायला सुरुवात केली. चुडामण आबा, मग निंबा, मग कौतिक, त्याचा थोरला, त्याचा धाकटा. खाली सरकवा, म्हणाली. गिरधरभाऊंनी मोठ्या कौतुकाने सरकवलं. तिने एकशे बारा नावं चष्म्याशिवाय, बारा हातांवरून, एकदाही न अडखळता वाचली. मग तिचे मळणारे हात थांबले.

मामाचं नाव पत्रिकेत सर्वांत शेवटी, वेगळ्या चौकटीत घालतात. ती चौकट गिरधरभाऊंनी शेवटी करायची म्हणून ठेवली होती, आणि मुंबईच्या पुतण्याचा हुद्दा तिच्या जागेत पसरला होता. हे त्यांच्या आत्ता, या क्षणी लक्षात आलं. लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहणारा, आठवडाभर तिच्या बस्त्यासाठी उन्हात हिंडलेला रुपचंद पत्रिकेत कुठेच नव्हता.

गिरधरभाऊंनी मागे वळून न पाहता सांगितलं की नाव आहे, पण खाली फार बारीक आहे, तिथून दिसत नसेल.

"मला सगळं दिसतंय," सुंदरबाई म्हणाली. "एवढा मोठा टीव्ही घेतलात ते बरं केलंत. माझं माहेर नाही, हे चुलीपासून दिसलं."

परात तिथेच ठेवून ती भावाला फोन करायला बूथवर निघाली. गिरधरभाऊंनी घाईघाईने मॉनिटर बंद केला, आणि पंधरा इंची चालला असता, असं त्या काळ्या काचेत दिसणाऱ्या आपल्याच तोंडाला सांगितलं.