बूट घातलेली अक्षरं

आमच्या गावच्या स्मशानभूमीच्या पाटीला मिशा आहेत. खरं सांगते. वडूजकडून येताना ओढा ओलांडला की डाव्या हाताला बघा. लालभडक अक्षरं, मागं काळी सावली, वरची रेघ तुळईएवढी जाड. प्रत्येक अक्षराच्या पायात रुंद बूट आणि जिथं अक्षराचं शेपूट सुटतं तिथं पीळ दिलेली मिशी.

हे काम आमच्या शेजारच्या हणमंततात्यांचं. तात्या पलटणीत पेंटर होते. साहेबांच्या ट्रंकांवर नावं घालता घालता इंग्रजी अक्षरांचे बूट त्यांच्या मनात भरले, ते त्यांनी मराठीला चढवले. पेन्शनीत आले आणि गावातली एक पाटी सोडली नाही. मी एकदा म्हटलं, "आवं तात्या, मसणातल्या पाटीला मिशा कशापायी?"

तर म्हणाले, "गेलेल्या माणसाला बी वाटलं पायजे, कुणीतरी सलूट मारला."

डेअरी, गिरणी, एसटीचा थांबा, सगळीकडं तीच अक्षरं. म्हशीच्या गोठ्यावर ‘चंद्रा’ लिहिलंय, ते चावडीवरून वाचता येतं. बारीक अक्षर दिसलं की तात्यांचा एकच शब्द, "अनवाणी!" माझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर नाजूक अक्षरं बघून म्हणाले, "आक्का, पोरगी सासरी अनवाणी धाडताय व्हय?" पत्रिका पाकिटासकट परत केली. जेवायला मात्र आले.

नोकरीत असताना बायकोला कार्डं धाडायचे, तीही ह्याच थाटात. एका कार्डावर चारच शब्द मावायचे. "मी बरा. तू कशी?" सगळी आळी हसायची. पोस्टमन म्हणायचा, "हवालदार शब्दाला लय चिक्कू!" त्यांची बायको शालन कार्ड पदराखाली धरून आत जायची.

तर मागल्या वर्षी सरपंचांनी गाव सुंदर करायचं काढलं. तात्यांच्या पाट्या उतरवायच्या आणि सगळीकडं एकसारख्या निळ्या लावायच्या, त्यावर काडीसारखी पांढरी अक्षरं. तात्या ग्रामसभेत उभे राहिले, कडक इस्त्रीत, छातीला बिल्ले लावून.

"तात्या, नवी अक्षरं कशी सुटसुटीत हायत," सरपंच म्हणाले.

"सुटसुटीत न्हाईत, उपाशी हायत. एक बी पाटी हलणार न्हाई."

"पर कारण तरी सांगा की!"

तात्या बिल्ले सावरत खाली बसले. तोफेसारखा माणूस, पण कारण काही सांगेना. लोक हसले. मीही हसले. पाट्या उतरल्या, एक स्मशानाची सोडून. तिकडं जायची कुणाला घाई नव्हती.

त्याच धडाक्यात माणसांचा आणि जनावरांचा असे दोन्ही दवाखाने नव्या इमारतीत शेजारीशेजारी हलवले. आठवड्यानं मी बीपीच्या गोळ्या आणायला गेले, तर शालन जनावरांच्या दारात, दोन शेळ्यांच्या मधे, साखर तपासायचा कागद मांडीवर घेऊन बसलेली.

"शालन, अगं हितं काय करतीस?"

"नंबर लावून बसलीया. डॉक्टर कवाधरनं शेळ्याच बघत्यात."

मी वर पाटीकडं बोट केलं. तिनं हवेत बोट धरून एकेका अक्षराखालनं फिरवलं. परत पहिल्यापासनं फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आक्का, ह्यास्नी पाय कुटं हायत गं?"

तिथंच, शेळ्यांच्या मधे बसून, तिनं मला सगळं सांगितलं. शालन शाळेत गेली नाही. तात्या रजेवर आले की ट्रंकेच्या झाकणावर चुन्यानं अक्षरं काढून तिला शिकवायचे, अर्थात बूट घातलेली. ती तेवढीच ओळखते. पुस्तकातलं, पेपरातलं काही तिला लागत नाही. ती चार शब्दांची कार्डं मात्र ती स्वतः वाचायची. आळीतल्या बहुतेक बायकांची पत्रं तेव्हा पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि हसत होतो आम्ही!

संध्याकाळी तात्यांना गाठलं. "आवं, ग्रामसभेत सांगायचं न्हाई व्हय?"

ब्रश धुता धुता म्हणाले, "माझ्या अक्षराला हसत्यात, हसू द्या. तिला हसलेलं चालणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, तात्या दवाखान्याच्या पाटीला शिडी लावून चढले. शिडी मी धरली. सरपंच धावत आले.

"तात्या, सरकारी पाटी हाय ती!"

"शब्द तुमचाच हाय. मी फकस्त बूट घालतोय."

"आक्का, तुमी तरी सांगा ह्यांना!"

"मला बी ती बारकी अक्षरं दिसत न्हाईत," मी म्हटलं. "आधी मला हलवा, मग शिडी."

हे खोटं होतं. मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगीचे पायही मोजता येतात. पण रांगेतल्या चार म्हाताऱ्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "आमाला बी दिसत न्हाईत." सरपंच एकदा आमच्याकडं, एकदा वर बघत राहिले. दुपारपर्यंत दोन्ही दवाखान्यांनी बूट घातले, दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यानं.

हे लिहायच्या आधी शालनला विचारलं, "लिहू का गं?"

"लिव की. शेळ्यांत बसून झालंय, आता लाजायचं कशाला? पर छापलेलं मला कुटं वाचाय येतंय?"

आतून तात्या ओरडले, "छापून तर येऊ दे! परसदारच्या भिंतीवर उतरवून काढतो. सगळंच्या सगळं, बूट घालून."

मी जाऊन भिंत बघून आले. बारकी आहे. म्हणून आखूड लिहिलंय.