कावळ्याच्या भावकीतला

आप्पांच्या म्हाळाचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा काही येईना. पानावर भात होता, खीर होती आणि आप्पांना जिवापाड आवडणारा वडा होता. कावळा शिवल्याशिवाय आप्पांच्या पत्नी अक्काताई घोटभर पाणीही घेणार नव्हत्या, आणि त्यांना तर साखरेचा त्रास.

कावळे नव्हते, ते त्यांच्या मुलाच्याच कृपेने. रविराजला पक्षी बघायचं भारी वेड. चिमण्यांना निवांत पाणी पिता यावं म्हणून त्याने वर्षभर गच्चीवरून कावळे हाकलले होते. आता टिळकवाडीतले कावळे या घराला वळसा घालून जात. याची आठवण त्याच्या बायकोने, ऋतिकाने, सकाळपासून दोनदा करून दिली होती.

शेवटी त्याने मोबाइलवर कावळ्याचा आवाज लावला. समोरच्या नारळावर खरंच एक कावळा येऊन बसला. त्याने मान वाकडी करून ऐकलं आणि जीव मुठीत धरून पळ काढला. रविराजने घाईत लावलेला आवाज धोक्याच्या इशाऱ्याचा होता.

मग सगळं शांत झालं. ढग सावकाश सरकत होते, खिरीचा वास गच्चीभर पसरला होता. अक्काताईंचे डोळे मिटले. आप्पा आत्ता धापा टाकत जिना चढून येतील, असं रविराजलाही उगाच वाटू लागलं.

तेवढ्यात पानाशी एक तांबूस, लांब शेपटीचा पक्षी उतरला. टकाचोर! या गच्चीवर पहिल्यांदाच. रविराज दुर्बिणीला चिकटला.

"कोन आलंय रं?" अक्काताईंनी डोळे न उघडताच विचारलं.

रविराज अडकला. खरं सांगावं तर आई उपाशी. आणि पक्षी चुकीचा ओळखणाऱ्यांची टर त्यांच्या पक्षीमित्रांच्या गटात सर्वांत जास्त तोच उडवायचा.

"कावळा हाय, आई," तो म्हणाला. "म्हंजे, कावळ्याच्या भावकीतला."

अक्काताईंनी डोळे उघडले. पक्ष्याने भाताकडे पाहिलं नाही, खिरीकडे पाहिलं नाही. वडा उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि टाकीमागच्या फटीत नीट लपवून ठेवला. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून आप्पा अगदी हेच करायचे.

अक्काताईंचे डोळे भरून आले.

"भावकीतला कशाला," त्या हळूच म्हणाल्या. "ऋतिका, पानं वाढ गं. ह्ये आल्यात."

संध्याकाळी रविराजने फोटो गटावर टाकला. पक्षी नक्की ओळखला का, असं कुणीतरी विचारलं. त्याने 'टकाचोर' लिहिलं, मग खोडलं.

'हो,' त्याने लिहिलं, 'आमच्या घरचेच आहेत.'