मनोहरभाऊंची रोजची चप्पल

मनोहरभाऊंच्या पायात काय आहे हे पाहिल्याशिवाय जठारपेठेत कोणी त्यांच्याशी बोलायला जात नाही. मोजडी असली की ते राजे. काळे बूट असले की न्यायाधीश. एकदा खडावा घालून दळण आणायला गेले, तर गिरणीवाल्याला आशीर्वाद मिळाला आणि पिठाचा डबा तिथंच राहिला.

हौशी नाटकात तीस वर्षं काढलेला माणूस. तालमी सुरू झाल्या की भूमिकेचं पायताण घरातही उतरत नाही. "पायातलं बदललं का मानूस बदलते," हा त्यांचा सिद्धांत. मी त्यांचा शेजारी आणि कायमचा प्रॉम्प्टर. विंगेत संहिता घेऊन जीव मुठीत धरून उभं राहायचं, हे माझं काम.

त्यांची मुलगी प्रज्ञा अमरावतीला असते. चार वर्षांपूर्वी तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं, तेव्हापासून भाऊ तिच्याशी फोनवर भूमिकेतच बोलतात. "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे," असं न्यायाधीशांनी तिला दिवाळीला सांगितलं. घरी ये, असं मात्र कोणत्याच भूमिकेतून निघालं नाही.

यंदा दिग्दर्शकानं त्यांना वऱ्हाडी बाप दिला. रुसून गेलेली मुलगी दारात येते आणि बाप म्हणतो, "घरात ये, माय." एवढंच. "तुमची रोजचीच चप्पल घाला," दिग्दर्शक म्हणाला, आणि भाऊंचं अन्नपाणी तुटलं. तालमीत रोज त्याच वाक्यापाशी गाडी अडायची.

"राजा बनाले काय लागते? मोजडी घातली का झाला," ते मला म्हणाले. "इथं तं मीच आहो. लपू कुठं?"

प्रयोग अमरावतीला होता. प्रज्ञाला मीच परस्पर कळवलं होतं. ती मला विंगेतून दुसऱ्या रांगेत दिसली. भाऊंनीही तिला पाहिलं. नाटकातली मुलगी दारात आली, तरी भाऊ गप्प. मी वाक्य दिलं, पुन्हा दिलं. शेवटी ते ताठ झाले आणि गरजले, "कन्ये, प्रवेश कर!"

लोक पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला बोलावून मी भाऊंचा घातच केला होता.

पडदा पडल्यावर भाऊ मेकअपच्या खोलीत मान खाली घालून बसले. तेवढ्यात प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळेना. आता राजे बोलणार, या भीतीनं मी सवयीप्रमाणे संहिता उघडली.

भाऊंनी पायातली चप्पलही काढली आणि अनवाणीच दोन पावलं पुढे गेले.

"काऊन उभी आहेस तिथं? घरात ये, माय."

घर कुठलं, ती तर भाड्याच्या सभागृहातली खोली होती. पण प्रज्ञा आत आली.