येथे नाव

माणसाला स्वतःचं नाव सांगता येतं, हा एक जुना आणि घातक गैरसमज आहे. नाव दुसऱ्यांनी ठेवायचं आणि दुसऱ्यांनीच वापरायचं असतं. स्वतःच्या तोंडाने ते सांगायची वेळ वर्षातून फार तर पाच-सहा वेळा येते, आणि त्यातल्या निम्म्या वेळा समोरच्याचं लक्ष फोनमध्ये असतं. सरावाशिवाय चहासुद्धा धड होत नाही, तिथे एवढं नाजूक काम नुसत्या हिमतीवर कसं जमणार? रबरी कड्यांच्या एका कारखान्याने हा प्रश्न प्रथमच शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला. त्याचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे.

कारखाना पाण्याच्या पंपांत बसणाऱ्या कड्या बनवायचा. बासष्ट माणसं, चार विभाग. नावांची तिथे कधी गरज पडली नव्हती, कारण प्रत्येक खुर्चीला क्रमांक होता. चाचणी विभागात तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीवरच्या मुलीला सगळे 'तिसरी' म्हणत. (तिच्या आधी तिथे टक्कल पडलेले एक गृहस्थ बसत. त्यांना 'तिसरा' म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी निरोपाच्या भाषणात खुर्चीच्या सेवेचा गौरव केला.)

तिसरी रसायनशास्त्र शिकून आली होती आणि त्यामुळे तिला 'का?' विचारायची खोड होती. कोरियातल्या एका पंप कंपनीची तक्रार होती की, तुमच्या कड्यांना अकरा महिन्यांत चिरा पडतात. कारखान्याचं अधिकृत उत्तर 'हवामान' असं होतं. तिसरीने नऊ महिने घालवून चारशे बारा कड्या तपासल्या आणि कारण शोधून काढलं. गोदामात कड्या खिळ्यांना ताणून टांगलेल्या असायच्या. शेजारीच पंख्याची जुनी मोटार ठिणग्या टाकत फिरायची. ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेलं रबर त्याला फार आवडतं. उपाय एकच: कड्या टांगू नका, ट्रेमध्ये सैल ठेवा.

गोदामप्रमुखांनी याला कडाडून विरोध केला. "खिळे मी स्वतः ठोकलेत," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली. एका खिळ्याने कधी तक्रार केली नाही."

तरी अहवाल गेला. सहीच्या जागी नियमाप्रमाणे 'चा. वि./३' असा शिक्का होता.

महिन्याभराने कोरियाहून पत्र आलं. त्यात दोन मुद्दे होते. एक, तिघं पाहुणे कारखाना बघायला येत आहेत. दोन, तो अहवाल ज्या व्यक्तीने लिहिला तिला भेटण्याची त्यांच्या ज्येष्ठ तज्ज्ञांची इच्छा आहे. सहा महिन्यांसाठी तिला आपल्या प्रयोगशाळेत बोलवावं असं त्यांच्या मनात आहे. तिसरीने ते पत्र सूचनाफलकावर तीनदा वाचलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकच कडी दोनदा मोजली, असं शेजारच्या खुर्चीवरच्या 'दुसरी'चं म्हणणं आहे.

साहेबांनी पहिल्या मुद्द्यावर तातडीने समिती नेमली. पाहुण्यांना त्यांच्या भाषेत आपापला परिचय करून द्यायचा, असं ठरलं. समितीत स्वतः साहेब, एचआरच्या बाई आणि गोदामप्रमुख होते. (सभागृहाची किल्ली गोदामप्रमुखांकडे असते.) दुसरा मुद्दा पहिला पार पडल्यावर घ्यायचा, असंही ठरलं.

शिकवायला एक बाई आल्या. त्या कोरियात चार वर्षं राहिल्या होत्या आणि त्यांना खरोखरच कोरियन येत होतं. (समितीकडून झालेली ही एकमेव चूक.) दोन तासांत त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. 'आन्न्यॉङ हासेयो', म्हणजे नमस्कार. मग 'जॉनुन' म्हणायचं, आपलं नाव घ्यायचं, 'इम्निदा' म्हणायचं. म्हणजे मी अमुक आहे. शेवटी 'पान्गाप्सुम्निदा', म्हणजे भेटून आनंद झाला. सोबत कमरेत तीस अंशांत वाकायचं.

"नावाच्या आधी जरा थांबा," त्या म्हणाल्या. "आणि नाव हळू घ्या. तुम्हाला ते पाठ आहे हो, पण समोरच्याला ते अगदी नवीन असतं."

तिसरीने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. समितीनेही घेतलं: 'नामपूर्व विराम: १ सेकंद (± ०.२).'

बाई गेल्या. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदाचं रीतसर 'स्वपरिचय कार्यपद्धती, आवृत्ती १.०' झालं. त्यावर शिक्का बसला, लॅमिनेशन झालं आणि बासष्ट प्रती वाटल्या गेल्या. दुसरं वाक्य असं होतं: 'जॉनुन (येथे नाव) इम्निदा.' कारखान्याचा नियम जुना आणि चोख आहे. मंजूर कागदावर पेनने काहीही लिहिणं हा गंभीर दोष धरला जातो, आणि मंजूर कागदात आहे त्याहून वेगळं काही करणं हा त्याहून गंभीर. तेव्हा सगळ्यांनी पाठांतर सुरू केलं. पहिल्या चाचणीचे आकडे पुढीलप्रमाणे आले: वाक्य ऐकू येईल असं म्हणणारे नऊ, तीस अंशांत वाकणारे चौदा, वाकल्यावर परत सरळ होऊ न शकलेले तीन. 'येथे नाव' हे शब्द मात्र बासष्टच्या बासष्ट जणांना पहिल्याच दिवशी आले. साहेबांनी या एकवाक्यतेची मुद्दाम नोंद घेतली.

तिसरीने हात वर केला. "सर, तिथे आपापलं नाव घ्यायचंय ना?"

"तसं लिहिलंय का?" एचआरच्या बाईंनी विचारलं.

"'येथे नाव' म्हणजे इथे नाव घाला, असं आहे ते."

"'घाला' कुठे लिहिलंय? हे बघ, तुला बदल हवा असेल तर बदल-विनंतीचा फॉर्म आहे. एकवीस दिवसांत उत्तर येतं."

"पाहुणे सोळा दिवसांनी येणार आहेत."

"मग त्यांनी पाच दिवस उशिरा यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिसरीने फॉर्म भरला. तो चौथ्याच दिवशी परत आला. (हा कारखान्याचा विक्रम आहे.) शेरा होता: 'सूचना मान्य केल्यास एकाच कागदाच्या बासष्ट आवृत्त्या होतील. शिवाय नाव ही खाजगी बाब आहे. ती पाहुण्यांना सांगणे योग्य नाही.'

घरी आई शिलाई मशीनवर पडदे शिवत बसली होती. तिसरी आरशासमोर उभी राहून वाकली. "आन्न्यॉङ हासेयो. जॉनुन येथे नाव इम्निदा."

"काय गं हे?"

"नमस्कार, मी अमुक अमुक, असं आहे ते."

"मग त्यात तू कुठंयस?"

"मी अजून मंजूर झाले नाही."

आईने मशीन थांबवलं. "म्हणजे बासष्ट घोडे एकच नाव सांगणार? अगं, पाहुणे हसतील की!"

"हसण्याचा रकाना नाहीये त्यात."

"रकाना गेला खड्ड्यात! पंधरा दिवस भांडलेय मी तुझ्या आत्याशी त्या नावासाठी. तिला भलतंच ठेवायचं होतं. हिरवा कंदील मिळेपर्यंत तुला नुसतं 'बाळ' म्हणत होतो आम्ही. आणि आता तू जाऊन सांगणार, मी येथे नाव! त्यांना तुलाच भेटायचंय ना? मग त्यांना कळणार कसं, तू कोण ते?"

प्रश्न बिनतोड होता. शास्त्र शिकलेल्या माणसाला बिनतोड प्रश्नाचा फार त्रास होतो. तिसरी त्या आठवड्यात रोज सकाळी बसच्या थांब्यावर स्वतःचं नाव पुटपुटायची, एक सेकंद थांबून. इतक्या वर्षांत ते आपल्याच तोंडून इतक्या वेळा तिने कधी ऐकलं नव्हतं. ते बरं वाटतं, अशी तिची नोंद आहे.

ठरल्या दिवशी बासष्ट जण साहेबांसह ओळीत उभे राहिले. एचआरच्या बाई, कोण काय म्हणालं ते नोंदवायचा तक्ता हातात घेऊन, शेवटी. पाहुणे तिघं होते: पांढऱ्या केसांचे ज्येष्ठ तज्ज्ञ, एक खरेदी अधिकारी आणि एक दुभाषी. आणि इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. ते म्हातारे गृहस्थ थोडं मराठी शिकून आले होते. प्रत्येकासमोर ते थांबायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. माझं नाव..." मग जरा थांबून, हळूच, स्वतःचं नाव सांगायचे. ते कुणालाही ऐकू आलं नाही, कारण कार्यपद्धतीत ऐकण्याविषयी काहीच नव्हतं. सगळे आपलं वाक्य विसरू नये म्हणून ते मनात घोकत होते.

"जॉनुन येथे नाव इम्निदा," साहेब म्हणाले.

"जॉनुन येथे नाव इम्निदा," गोदामप्रमुख म्हणाले.

पाहुण्यांना नवल वाटलं नाही. एकेका आडनावाची लाखो माणसं त्यांच्या देशातही आहेत. सातव्या माणसानंतर त्यांनी आपसात मान डोलावली. कारखाना एकाच घराण्याचा असावा, आणि घराणं मोठं सलोख्याचं असावं.

मग ते तिसरीसमोर आले. वाकले. नाव सांगितलं. तिसरीने ते ऐकलं आणि जसंच्या तसं उच्चारून दाखवलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. चाळीस-एक माणसांनंतर त्यांच्या नावाला पहिल्यांदाच कुणीतरी दार उघडलं होतं. मग तिसरी तीस अंशांत वाकली, "जॉनुन," म्हणाली, एक सेकंद थांबली आणि तिने आपलं नाव सांगितलं.

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं.

ओळीत कुजबुज सुरू झाली. एचआरच्या बाई तीरासारख्या धावत आल्या आणि दुभाष्याला म्हणाल्या, "माफ करा हं, या मॅडमचं नाव चुकलं. नवीन आहेत."

दुभाष्याने आपलं काम चोख केलं. म्हाताऱ्याने तिसरीकडे कनवाळूपणे पाहिलं. नवख्या माणसाचं होतं असं. मग त्यांनी वहीतलं नाव पट्टी लावल्यासारख्या सरळ रेघेने खोडलं. तिसरीने तोंड उघडलं, पण आवृत्ती १.० मध्ये चौथं वाक्य नव्हतं, आणि तिची सगळी कोरियन तीन वाक्यांतच संपली होती. दुभाषी एव्हाना दोन माणसं पुढे गेला होता.

ओळ संपल्यावर अहवाल कुणी लिहिला, असं त्यांनी विचारलं. "आमच्या चाचणी विभागाने," साहेब अभिमानाने म्हणाले. त्या विभागातल्या पहिलीने आणि दुसरीने आपली नावं नुकतीच बिनचूक सांगितली होती. वहीत नोंद झाली.

महिन्याभरात निमंत्रण आलं. सहा महिने, प्रयोगशाळा, राहण्याची सोय. वर लिहिलं होतं: 'प्रति, येथे नाव.'

समितीने आता दुसरा मुद्दा घेतला. निमंत्रण येथे नाव यांना आहे, तेव्हा ज्यांनी पाहुण्यांना आपलं नाव येथे नाव असं सांगितलं तेच पात्र. तक्त्यावरून असे एकसष्ट जण निघाले. अपात्र एकच होती. "स्वतःच्या तोंडाने तूच सांगितलंस ना, की तू ती नाहीस?" एचआरच्या बाई तिसरीला समजावून म्हणाल्या. "आता आम्ही तरी काय करणार गं?" एकसष्टांतून सेवाज्येष्ठतेने गोदामप्रमुख निवडले गेले.

ते सध्या तिकडेच आहेत. खुशाली कळवतात. प्रयोगशाळेत कड्या ट्रेमध्ये सैल पडलेल्या बघून त्यांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी भिंतीत चार खिळे ठोकून दिले. सकाळी सगळे त्यांना वाकून 'येथे नाव' अशी हाक मारतात, आणि ते ओ देतात.

तिसरी तिसऱ्या खुर्चीवर आहे. बसच्या थांब्यावर पुटपुटणं तिने बंद केलंय.

एवढं वाचल्यावर तुम्हाला साहेबांचा, बाईंचा आणि समितीचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सहृदय आहात. त्या मुलीने आपलं नाव सर्वांदेखत, स्पष्ट, एक सेकंद थांबून सांगितलं आणि बाकीच्या एकसष्टांतल्या एकानेही ते लक्षात ठेवलं नाही, म्हणजे काय! बरं, तुम्हीही तेव्हा तिथेच होतात. काय होतं ते नाव?

(उत्तर या पानावर पेनने लिहू नये.)