डोकं हा अवयव हाय का न्हाई?

ज्या माणसाचं तोंडही आयुष्यात कधी पाहिलं नाही, त्याच्या दहाव्याला जायची किसनअप्पांना सवय आहे. सवय कसली, नेमच. आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये फोटो, खाली दशक्रिया विधीचा वार, वेळ आणि घाट. अप्पा अशा प्रत्येक फ्लेक्सपुढे गाडी थांबवतात, बॉलपेन काढतात आणि डाव्या तळहातावर लिहून घेतात. कागदावर लिहिलं तर कागद हरवतो म्हणे. एकदा माझ्या दुकानात चहा पिताना मी त्यांचा तळहात वाचला. मंगळवारी पिंपरी पेंढार, बुधवारी निमगाव सावा, शुक्रवारी दोन.

मी म्हटलं, ‘‘अप्पा, लगीनसराईत आचारीसुद्धा एवढा फिरत नाही हो!’’

‘‘शेठ, लग्नात कोण ऐकतंय? समद्यांचं ध्यान जेवणावर. दहाव्याला माणूस गप बसून ऐकतो.’’

माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले. आता आमच्या घरात मारवाडी फक्त भांडणापुरती उरलीय. दुकानाच्या मागे अप्पांचं टोमॅटोचं वावर, त्यामुळं दिवसातून दोनदा त्यांची स्वारी माझ्या काउंटरवर असतेच. गिऱ्हाईक खिळे मागायला येतं आणि अप्पा त्याला विचारतात, ‘‘मला एक सांग भाऊ, डोकं हा अवयव हाय का न्हाई?’’ गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडं बघतं. मी मान हलवून सांगतो, हाय म्हण आणि सुट.

पण हाय म्हणून सुटका नसते. ‘‘मंग? गुडघ्याला डॉक्टर हाय. दाताला हाय. बैलाला हाय. टमाट्याच्या पानावर ठिपका पडला तर त्येचा फोटो बघून औषध सांगणारा डॉक्टर हाय! आन माणसाच्या डोक्याला तालुक्यात एक डॉक्टर न्हाई?’’ हे ते एसटीच्या कंडक्टरला विचारत, दूधवाल्याला विचारत, आमदारांना तर हार घालता घालता विचारलं होतं. आमदार म्हणाले, ‘‘बघू.’’ अप्पा म्हणाले, ‘‘बघू न्हाई, लिवा.’’ आणि हार हातातच धरून ठेवला. शेवटी आमदारांनी कुणालातरी लिहायला सांगितलं, तेव्हा हार गळ्यात पडला.

गंमत वाटेल, पण तिथूनच गोष्ट हलली. हेलपाटे मारमारून दोन वर्षांनी सरकारकडून मंजुरी आली. मनाच्या आजारावर उपचार करणारं मोठं सरकारी केंद्र. बाह्यरुग्ण विभाग, भरती होणाऱ्यांसाठी खोल्या, दारू सोडवायचा विभाग, सगळं एकाच आवारात. इमारत सरकार बांधणार. मात्र जागा गावानं द्यायची, आणि विहीर, कुंपण, पेशंटबरोबर येणाऱ्या घरच्यांना राहायला निवारा, हे लोकवर्गणीतून उभं करायचं. जागा मिळाली नाही तर मंजुरी दुसऱ्या तालुक्यात जाणार. अप्पांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. आनंदानं की काळजीनं, ते मला कळलं नाही.

आता दहाव्याला जाण्याचा हिशेब तुमच्या लक्षात येईल. आमच्याकडं दहाव्याला हजार-पाचशे माणूस सहज जमतं. प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजली वाहतात, आणि घरचे लोक गेलेल्याच्या नावानं देवळाला, शाळेला देणगी जाहीर करतात. अप्पा सूत्रसंचालकाला म्हणायचे, ‘‘दोन मिन्टं द्या.’’ पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागतं, हे त्यांनी हेरलेलं. ‘‘कावळा शिवंपर्यंत बोलतो,’’ असं म्हणून माइक धरायचे. ‘‘गेलेल्याच्या आत्म्याला शांती मिळो. पण पावणं, जित्या माणसाच्या डोक्याला शांती कुठं मिळती, सांगा!’’ आणि जी गाडी सुटायची! लोक हात जोडून कावळ्याची वाट बघायचे. मयताच्या इच्छेसाठी नव्हे, अप्पांचं भाषण एकदाचं संपावं म्हणून. एकदा कावळा पहिल्याच मिनिटाला येऊन शिवला. अप्पा दोन दिवस धुसफुसत होते. ‘‘त्या कावळ्याला कसली घाई व्हती काय माहीत.’’

महाळुंगे पडवळच्या बाजूला तर फजिती झाली. एकाच घाटावर एकाच सकाळी दोन दहावे. अप्पा चुकीच्या मांडवात घुसले आणि सुरू झाले, ‘‘माउली गेली! काय तिच्या हातची भाकरी! त्या भाकरीवर ह्या घरातली तीन पोरं मोठी झाली.’’ मांडवातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कारण गेलेले होते एक पैलवान तात्या. तीन मण वजन, ओठावर झुपकेदार मिशा, आणि उभ्या जन्मात चुलीजवळ गेलेले नाहीत. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बायकांत हसू पसरलं. मी तिथंच होतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. तात्यांचा थोरला मुलगा उठून अप्पांकडं आला, तेव्हा मला वाटलं आता अप्पांचाही दहावा ह्याच घाटावर होतोय. पण त्या मुलानं अप्पांचे पाय धरले. ‘‘बाबा, दहा दिवसांत आई आज पहिल्यांदा हसली,’’ म्हणाला. आणि विहिरीचं सगळं खोदकाम तात्यांच्या नावानं त्यानं अंगावर घेतलं. परत येताना अप्पा म्हणाले, ‘‘शेठ, हसणं हे औषधच हाय. फकस्त चुकून द्यावं लागतं.’’

मी व्यापारी माणूस, सहजासहजी कुणाला मोठं म्हणत नाही. पण ह्या माणसाला म्हणावं लागतं. बांधकाम खात्याचा इंजिनीअर नकाशा घेऊन गावच्या गायरानातली जागा बघायला आला, त्याची हकिगत ऐका. नकाशात खोल्यांच्या खिडक्या उंचावर, झरोक्यासारख्या. अप्पांनी माझ्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, चार बांबूंची चौकट बांधली आणि तेवढ्याच उंचीवर गायरानात उभी केली. ‘‘साहेब, बसा. काय दिसतं?’’

‘‘आभाळ.’’

अप्पांनी चौकट हातभर खाली ओढली. ‘‘आता?’’

‘‘वावर दिसतंय. एक बाई खुरपतीय. कुत्रं आहे.’’

‘‘मंग! आजारी माणसाला नुसतं आभाळ दावून काय करता राव? त्येला माणूस दिसू द्या, कुत्रं दिसू द्या.’’

इंजिनीअर सुरक्षेचं काहीतरी बोलू लागला. अप्पा म्हणाले, ‘‘जाळी लावा, भक्कम लावा, पर खाली लावा.’’ पोरगं शहाणं होतं. खुर्चीवरून उठलंच नाही लवकर, समोर बघत बसलं, आणि मग पेन्सिलीनं नकाशावर खाडाखोड केली.

एवढं सगळं होऊन गाडी अडली ती ग्रामसभेत. गायरानाची जागा द्यायचा ठराव होता. माजी सरपंच गुलाबराव उभे राहिले. माणूस वाईट नाही, आवाज मोठा. ‘‘आमचा दवाखान्याला विरोध न्हाई. हाडांचा आणा, डोळ्यांचा आणा. पर येड्यांचा दवाखाना गावात आला, तर उद्या सोयरीक जुळवताना पावणं काय म्हणतील? ‘त्या गावची पोरगी नको.’ आपल्या पोरींची लग्नं कोण करणार? किसनअप्पा करणार?’’

निम्म्या गावानं माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, माझीही मान थोडी हलली. माझी लेक लग्नाची होती.

आता अप्पा पुन्हा ‘डोकं हा अवयव’ काढणार, असं वाटून पोरं हसायच्या तयारीत बसली. अप्पा उठले. माइक घेतला नाही.

‘‘मी लई दहाव्यांना जातो,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी हसता, हसा. पर मी फ्लेक्स वाचतो. म्हाताऱ्या माणसाच्या फ्लेक्सवर लिवत्यात, वृद्धापकाळानं. गाडीवरून पडला त्येच्या लिवत्यात, अपघाती. आन ज्यो पंचवीस वर्साचा पोरगा बिगर आजाराचा जातो, त्येच्या फ्लेक्सवर लिवत्यात, अल्पशा आजारानं. कोणता आजार? कुणी इचारत न्हाई, कुणी सांगत न्हाई. त्येच्या दहाव्याला बोलायला बी कुणी उभं ऱ्हात न्हाई. माझ्या पोराच्या फ्लेक्सवर त्येच व्हतं.’’

मी खाली मान घातली. तो मजकूर मी दिला होता. मुलगा गेला त्या सकाळी अप्पा ओट्यावर बसलेले, डोळे कोरडे, कुणाशी बोलेनात. फ्लेक्सवाला माझ्याकडं आला. गावात चर्चा नको म्हणून मीच त्याला सांगितलं, ‘अल्पशा आजाराने’ टाक. मला वाटलं, मी शेजारधर्म पाळतोय. अप्पांनी मला त्याबद्दल आजवर एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही माझ्याकडं बघितलं नाही. मला त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘‘आजार व्हता,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पर अल्पसा नव्हता. आन त्येला डॉक्टर असतो हे मला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय. गावाला जागा द्यायची तर द्या, न्हाईतर नका देऊ.’’

ते खाली बसले. मग बायकांच्या बाजूनं गुलाबरावांची चुलती, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत उभी राहिली. हात वर केला आणि म्हणाली, ‘‘गुलाब, हात वर कर.’’ गुलाबराव कसनुसं हसले. ‘‘काकी, तुमी...’’ ‘‘कर म्हणते ना!’’ गुलाबरावांनी हात वर केला. ठराव मंजूर झाला. मी दोन्ही हात वर केले होते. ग्रामसेवकानं माझा एकच मोजला.

इमारत उभी राहिली. उद्‌घाटन झालं, फेटे झाले, भाषणं झाली. अप्पांना व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत बसवलं. खरी गोष्ट त्यानंतरच्या सोमवारी घडली, ओपीडीच्या पहिल्या दिवशी.

सकाळी नवापासून फाटकाबाहेर ही गर्दी! पण आत एक माणूस जाईना. सगळे ‘सहज बघायला’ आलेले. रस्त्याच्या पलीकडं दोन जीप उभ्या होत्या, त्यांत तोंडाला टॉवेल गुंडाळलेली माणसं. एक बाई पदर डोळ्यांपर्यंत ओढून लिंबाच्या झाडाखाली बसलेली, शेजारी तरणा नवरा जमिनीकडं बघत. आत जायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण पहिलं कोण जाणार? गाव बघतंय ना! आत तरुण डॉक्टरीणबाई रिकाम्या बाकाकडं बघत बसलेल्या. दहा वाजले, साडेदहा झाले. अप्पा फाटकापासून पायरीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एवढं करून कुणी आलंच नाही तर?

मग ते एकदम खिडकीपाशी गेले. ‘‘केसपेपर द्या.’’

‘‘कुणाच्या नावानं, अप्पा?’’

‘‘माझ्या.’’

बाहेर हशा पिकला. अप्पांचं आणखी एक नाटक! मीही हसलो. म्हटलं, शाबास, मुहूर्त तर केला. अप्पा केसपेपर घेऊन वळले आणि माझा हात धरला. ‘‘शेठ, संगट चला.’’ पकड सैल करेनात. माझं हसू तिथंच विरलं.

आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘काय त्रास होतो, काका?’’

मी खुर्चीत नीट सरकून बसलो. आता अप्पा वीस मिनिटं थांबायचे नाहीत, असं मनात म्हटलं. पण हजार माणसांपुढं माइक न सोडणाऱ्या ह्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो नुसता बाईंकडं बघत राहिला. बाईंनी घाई केली नाही. पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

‘‘झोप येत न्हाई,’’ अप्पा शेवटी म्हणाले. ‘‘अकरा वर्सं झाली.’’

‘‘कशामुळं, काही आठवतं?’’

‘‘पोरगं मला सांगत व्हतं बाई. एकदा न्हाई, तीनदा सांगितलं. अप्पा, डोक्यात कसंतरी व्हतंय, कायतरी करा. मी म्हणलो, कामाचा कंटाळा आलाय तुला. चल टमाटे तोडायला, घाम आला की बरं वाटंल.’’ अप्पा मांडीवरच्या टोपीकडं बघू लागले. ‘‘आला व्हता त्यो. दिवसभर तोडलं त्यानं. एक शब्द बोलला न्हाई. मला वाटलं, बरं वाटलं त्येला.’’

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, लपवायचं भानही राहिलं नाही. रोज दोनदा हा माणूस माझ्या काउंटरला टेकून बसायचा, जगाला हसवायचा, आणि हे मी त्याला कधी विचारलं नाही.

बाहेर खिडकीपाशी कुणीतरी दबक्या आवाजात केसपेपर मागत होतं. बाईचा आवाज होता. मग आणखी एक. अप्पांना ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, ‘‘मुलाचं नाव काय होतं, काका?’’

अप्पांनी टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली.

‘‘संदीप,’’ ते म्हणाले. तो गेल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, आणि मग लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.