चाळीस किलोमीटरला बारा रुपये

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून याकोब कोणाच्याही घरात शिरला की आधी स्विचबोर्ड बघायचा, मग माणसं. मोटारी रिवाइंड करणं हा त्याचा धंदा. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्याने ही दोन दारांची छोटी गाडी स्वस्तात उचलली होती. तिच्यात चाळीस फूट वायर कायम गुंडाळून ठेवलेली. लग्नाला गेला तरी नवरदेवाला भेटायच्या आधी तो मांडववाल्याला भेटायचा. आणि कोणी विचारो न विचारो, हिशोब ठरलेला: "आठ युनिट खाती, चाळीस किलोमीटर पळती. झाले बारा रुपये. बारा रुपयांत जीप जामखेडच्या रस्त्याला तरी लागती का?"

त्यामुळे सत्त्याण्णव साली त्याची बायको मरिया ग्रामपंचायतीच्या महिला जागेला उभी राहिली, तेव्हा प्रचाराला जीप भाड्याने घेण्याचा प्रश्नच आला नाही. वॉर्डात आळ्या दोन. वरची आळी मरियाची, खालची तिच्यासमोर उभ्या असलेल्या साळूबाईची. खालच्या आळीत पन्नासेक मतं जास्त होती. म्हणजे खालची थोडी तरी मतं फोडल्याशिवाय मरिया निवडून येत नव्हती, आणि प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला होता.

गाडीवर पतंगाचं चिन्ह लावलं, टपावर कर्णा बांधला. कर्णाही गाडीच्याच बॅटरीवर. मरियाला बोलायला आवडायचं, आणि ती बोलायला लागली की याकोबची नजर काट्यावर जायची.

"जरा थोडक्यात बोल," तो कळवळून म्हणाला. "पान्याच्या टाकीवर बोललीस तेवढ्यात एक रेघ खाली आली."

"मग गटारीचं सोडून देऊ का?"

"गटारीचं हात करून सांग."

मरियाने गटारीचं सविस्तर सांगितलं, शाळेच्या पत्र्यांचंही सांगितलं. दुपारी दोन वाजता, खालच्या आळीच्या मधोमध, साळूबाईच्या पिठाच्या गिरणीसमोर गाडी उभी राहिली ती राहिलीच.

ढकलत नेणं शक्य होतं. पण मेंबर व्हायला निघालेल्या बाईची गाडी विरोधकांच्या आळीतून ढकलत न्यायची, म्हणजे पंचायतही अशीच चालणार असं लोक म्हणणार. तेवढ्यात भुवयांवर पीठ बसलेली साळूबाई दारात आली. काय झालं ते ऐकून तिने दोघांना आत बोलावलं. निवडणूक असो नाहीतर काही असो, दारात आलेल्या माणसाला उन्हात उभं करायची तिची रीत नव्हती. याकोबने आत पाऊल टाकलं आणि समोर गिरणीचा थ्री-फेज बोर्ड दिसला. त्याचे डोळेच भरून आले.

घर गाठण्यापुरती बॅटरी भरायला दोन तास लागणार होते. वायर लावली, चहा झाला. पण गाडीने वीज ओढली तशी गिरणी दमली. शेराला पाच मिनिटं लागायची तिथे पंधरा लागू लागली. दळणाची रांग दारातून रस्त्यावर आली, आणि रांगेतली प्रत्येक बाई पतंगाच्या गाडीपासून साळूबाईच्या घरापर्यंत गेलेली वायर निरखू लागली. साळूबाईने भाकरी-पिठलं वाढलं तोवर आळीभर बातमी होती की दोघींचं जुळलं.

साळूबाईचा पुतण्या गोरक्षनाथ तिचा प्रचार बघायचा. तो धावत आला. पाठोपाठ वरच्या आळीतून मरियाचा माणूस भीमा आला. दोघांनी आपापल्या उमेदवाराला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, आणि दोघींनी एकच उत्तर दिलं: गाडी चार्ज होतेय.

"काकू, गाडीला लाईट लागती व्हय?" गोरक्षनाथ म्हणाला. "खोटं बोलायचं तर नीट तरी बोला. पेट्रोल संपलं म्हना."

भीमाने तर छातीवरचा पतंगाचा बिल्ला काढून खिशात टाकला.

इथवरचं सावरता आलं असतं. पण याकोब पडला हिशोबी आणि प्रामाणिक. निघताना त्याने तीन युनिटचे साडेचार रुपये मोजले आणि दळणाच्या अख्ख्या रांगेसमोर साळूबाईच्या हातावर ठेवले. ती नको नको म्हणत होती. त्याने तिची मूठ मिटली.

ते साडेचार रुपये वरच्या आळीत पोचेपर्यंत साडेचार हजार झाले, आणि मरियाने आपल्या आळीला सोडून खालच्यांशी सौदा केला असं ठरलं. खालच्या आळीत तेवढ्याच वेळात साळूबाईने जागा विकली होती. खुलासा करायला मरिया कर्ण्यापाशी गेली तेव्हा पाच वाजले होते. पाचला प्रचार बंद.

मतदानाच्या दिवशी दोन्ही आळ्या चिडून बाहेर पडल्या. पेट्या दोन होत्या, आळीला एक. मोजणीत वरच्या आळीची पेटी आधी उघडली. मरियाला एकतीस, साळूबाईला एकशे पन्नास. आपल्याच माणसांनी सौदा करणारीला धडा शिकवला होता. याकोब खाली बसला. मग खालच्या आळीची पेटी उघडली. साळूबाईला सत्तावीस, मरियाला दोनशे चार.

मरिया अठ्ठावन्न मतांनी निवडून आली. भीमा गुलालाची पिशवी हातात धरून उभा होता. तो कोणावर टाकायचा, हे त्याला कळेना.

पुढच्या सोमवारी मरिया पंचायतीत पहिल्यांदा खुर्चीवर बसली, तेवढ्यात बाहेर हंडे वाजले. वरच्या आळीतल्या तीसेक बाया आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे साळूबाई.

"मेंबरबाई, आमच्या वरच्या आळीचा नळ आठ दिस झाले बंद हाय," साळूबाई म्हणाली.

"मावशी, वरच्या आळीत मी ऱ्हाते," मरिया म्हणाली. "तुमी खालच्या आळीतल्या."

"तू ऱ्हातेस गं," साळूबाईने रिकामा हंडा टेबलावर ठेवला. "मतं माझी हायत."